टर्की, चेटकीण आणि साबण : शंभर वर्षांपूर्वीची छापील थट्टा

कान्ससकर

ज्या टर्कीला उद्या कापून खायचं त्यालाच कोट-टोपी चढवायची, काखेत छत्री द्यायची आणि 'थँक्सगिव्हिंगच्या शुभेच्छा' म्हणून त्याचंच चित्र मावशीला धाडायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला कोपरापासून नमस्कार. दुसऱ्या एका कार्डावर दोन पोरं कणसांनी भरलेली गाडी हाकताहेत आणि बैलांच्या जागी जुंपलेत दोन टर्की. चेहऱ्यावर भाव असे की जणू वरातीला निघालेत.

इकडे कॅन्सस सिटीच्या आसपास जुन्या वस्तूंची अवाढव्य दुकानं आहेत. तिथे ही पोस्टकार्डं बुटांच्या खोक्यांत उभी लावून ठेवलेली असतात. खोक्यांवर चिठ्ठ्या : नाताळ, ईस्टर, व्हॅलेंटाइन, हॅलोविन, चार जुलै, आणि सगळ्यात शेवटी नुसतंच 'कॉमिक'. बहुतेक माल १९०५ ते १९१५ मधला. बायको पितळेची भांडी बघते तेवढ्यात मी एखादं खोकं चाळून होतो.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत खासगी छापखान्यांच्या कार्डांना एक सेंटच्या तिकिटावर जाण्याची मुभा मिळाली १८९८ मध्ये. पण मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव. मजकूर लिहायचा तर पुढे चित्राच्या कडेला, आभाळात, चित्रातल्या बाईच्या झग्यावर, जिथे जागा सापडेल तिथे. १ मार्च १९०७ पासून मागच्या बाजूला मधोमध रेघ मान्य झाली : डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. (इंग्लंडात हे १९०२ सालीच झालं होतं.) मग जी लाट आली तिला तोड नाही. जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकी टपालखात्यानं ६७ कोटी ७७ लाखांहून जास्त कार्डं वाहिली. देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आत. म्हणजे पाळण्यातली बाळं धरून माणशी सात-आठ कार्डं.

माझ्याकडच्या एका हॅलोविनच्या कार्डाचं वर्णन करतो. मध्यरात्र. एक तरुणी हातात मेणबत्ती घेऊन आरशासमोर उभी. या रात्री असं केलं की आरशात होणारा नवरा दिसतो, असा समज. (सफरचंदाचं साल अखंड सोलून खांद्यावरून मागे टाकायचं आणि त्यातून नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर उमटतं का ते बघायचं, हा दुसरा प्रकार. तोही कार्डांवर भरपूर.) आरशात मिशीवाला तरुण उमटलाय, आणि खिडकीतून कोरलेला भोपळा हे सगळं चोरून बघतोय. भोपळ्यावर बोट फिरवलं तर तो फुगीर लागतो, कारण छपाईनंतर मागून दाब देऊन चित्र उठावाचं केलंय. झग्याच्या कडेला सोनेरी शाई, अजून चमकते. आणि मागे? हिरवं एक सेंटचं फ्रँकलिनचं तिकीट, आणि पेन्सिलीनं : 'शनिवारी चारच्या गाडीने येते. मागच्या खेपेच्या बरण्या तयार ठेव.' भोपळा नाही, नवरा नाही, हॅलोविनसुद्धा नाही. बरण्या!

माझं म्हणणं वेगळंच आहे. ही कार्डं, साप्ताहिकांतली व्यंगचित्रं आणि साबण-बूट-जेलीच्या जाहिराती अशा तीन वेगळ्या खणांत आपण या गोष्टी ठेवतो. तेव्हा तसं काही नव्हतं. माणसं तीच, छपाईचे दगड तेच, पैसाही फिरून तोच.

रोझ ओ'नील घ्या. 'पक' या विनोदी साप्ताहिकात चित्रं काढणारी बाई, तेही त्या कचेरीत बायका दिसत नसत अशा काळात. डिसेंबर १९०९ च्या 'लेडीज होम जर्नल'मध्ये, म्हणजे नाताळच्या अंकात, तिनं 'क्यूपी' नावाची गुबगुबीत, शेंडीवाली बाळं आणली. बघता बघता ती बाळं शुभेच्छाकार्डांवर गेली, जर्मनीत त्यांच्या चिनीमातीच्या बाहुल्या झाल्या, आणि 'जेल-ओ' या जेलीच्या जाहिराती तर ती स्वतःच काढत होती. किंवा रिचर्ड आउटकॉल्ट. त्याचा 'बस्टर ब्राऊन' हा व्रात्य पोरगा १९०२ मध्ये न्यू यॉर्क हेरल्डमध्ये आला. १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत आउटकॉल्टनं हे नाव ज्याला हवं त्याला वापरायला विकलं. बुटांच्या कंपनीनं घेतलं, इतर अनेकांनी घेतलं. माझ्याकडे त्याचं एक कार्ड आहे : वर बस्टर आणि त्याचा कुत्रा टायग, बाजूला महिन्याचं कॅलेंडर, खाली गावातल्या दुकानदाराचं नाव छापायला मोकळी जागा. विनोद, सण आणि जाहिरात, तिन्ही एका पोस्टकार्डावर, एका सेंटमध्ये. चित्रकार लायन्डेकरचंही तेच. 'सॅटरडे इव्हिनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठावर दर नववर्षाला येणारं बाळ त्याचं, आणि 'ॲरो' कॉलरच्या जाहिरातीतला तो देखणा बाप्याही त्याचाच.

आपल्याकडे त्या काळात काय चाललं होतं? इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

—

रिकामटेकडी

बरण्या वाचून फुटले! धागा मस्त. पण फोटो कुठायत? फोटोशिवाय असा धागा म्हणजे फाऊल आहे.

—

कान्ससकर

@रिकामटेकडी, मोठे फोटो इथे चढत नाहीयेत. लहान करून टाकतो.

—

पेठेतला पोपट

म्हणजे ही 'सुप्रभात'वाल्या फॉरवर्डांची खापरपणजी. तेव्हाही चित्र कोणी बघत नव्हतं आणि आताही बघत नाही. फरक एवढाच की तेव्हा एक सेंट मोजावा लागायचा, त्यामुळे सकाळी सहाला बारा गुलाब येत नसत.

—

शाईचा डाग

धागा बघून राहवलं नाही. आमचं घराणं छपाईतलं.

कान्ससकर, तुम्ही दगडाचा नुसता उल्लेख करून पुढे गेलात, पण खरी गंमत तिथेच आहे. ही कार्डं नावाला अमेरिकन. चांगली कार्डं बहुतेक जर्मनीत छापून बोटीनं यायची. बव्हेरियात सोल्नहोफेनला जी बारीक पोताची चुनखडी निघते, तिच्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथे चित्र नाही तिथे पाणी धरतं आणि शाई लागत नाही, चित्रावर पाणी ठरत नाही तिथे शाई लागते. एवढाच खेळ. एका रंगाला एक दगड. भोपळ्याचा नारिंगी निराळा, सावलीचा तपकिरी निराळा, गालांवरचा गुलाबी निराळा. चांगल्या कामाला दहाएक रंग सहज, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न सरकता त्याच जागी बसायला हवा. नाहीतर ओठ एकीकडे आणि लाली दुसरीकडे.

दहापट भिंगातून तो गाल बघा. वेगवेगळ्या आकाराचे ठिपके दिसतील, हातानं टिंबलेले, मन मानेल तसे पसरलेले. फोटोवरून जाळी लावून छापलेलं असेल तर ठिपके रांगेत, कवायतीला उभे केल्यासारखे. जुन्या दगडी कामाची ओळख पटवायची तर यापेक्षा सोपी खूण नाही.

आता आपल्याकडचं. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञ जर्मन. त्यांच्यातल्याच फ्रिट्झ श्लायशरनं १९०३ मध्ये छापखाना विकत घेतला. देवादिकांच्या तसबिरी तर निघतच होत्या, जोडीला पोस्टकार्डं, मालावरची लेबलं, कॅलेंडरं सुरू झाली. म्हणजे तुमच्या मावशीच्या टर्कीवरचे रंग आणि आमच्या आजीच्या देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीच्या शालूचे रंग हे एकाच विद्येचे. तुमचं 'दगड तेच' हे वाक्य आमच्या बाजूनंही खरं आहे.

आणि हो, धुरंधर! जे. जे. मधले महादेव विश्वनाथ धुरंधर. मोठमोठी तैलचित्रं काढणाऱ्या या माणसानं शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यांवरच्या माणसांची पोस्टकार्डंही केली. रेषा पक्की आणि नजर खोडकर. ती कार्डं गोऱ्या साहेबांच्या मडमा विलायतेला पाठवत. आपल्यावरचा विनोद आपल्याच माणसानं काढलेला आणि गिऱ्हाईक परकं, हा प्रकार नीट तपासून बघण्यासारखा आहे.

—

गिरमिट

+१ शाईचा डाग. माहितीपूर्ण प्रतिसाद.

अवांतर : सांताक्लॉज लाल झाला तो कोका-कोलामुळे ना? त्याआधी हिरवा होता म्हणे. जाहिरातीनं सण कसा गिळला याचं हे उत्तम उदाहरण ठरेल या धाग्यासाठी.

—

कान्ससकर

@गिरमिट, हे इतक्या ठिकाणी छापून आलंय की पुसता पुसत नाही. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉमनं सांता काढायला सुरुवात केली १९३१ मध्ये. माझ्याकडच्या खोक्यात १९०७-०८ चे शिक्के असलेली नाताळकार्डं आहेत, त्यांवर सांता लालच आहे. 'पक'च्या नाताळ अंकांच्या मुखपृष्ठांवरही शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो लाल दिसतो. हिरवा, तपकिरी, निळा, जांभळा असेही आहेत, नाही असं नाही. चित्रकाराच्या मर्जीप्रमाणे आणि कुठला दगड तयार आहे त्याप्रमाणे. पण लाल आधीपासून आघाडीवर होता.

बरं, पेयासाठी सांताला राबवणारं कोका-कोला पहिलंही नाही. 'व्हाइट रॉक'वाल्यांनी १९१५ मध्ये त्याला त्यांच्या खनिज पाण्याच्या जाहिरातीत उभा केला होता. संडब्लॉमनं केलं ते इतकंच की एकच चेहरा वर्षानुवर्षं इतक्या ठिकाणी दाखवला की बाकीचे चेहरे लोक विसरले.

—

गिरमिट

घ्या! गेली दहा वर्षं दर नाताळला कचेरीत हे ज्ञान वाटत आलोय. यंदा गप्प बसतो.

—

टेम्सकाठची

जाहिरात आणि विनोद यांच्या लग्नाची गोष्ट सांगते. शतकाच्या थोडी आधीची आहे, पण तिचं पीक पुढे बराच काळ निघत राहिलं.

लिली लँग्ट्री ही त्या काळची गाजलेली नटी. पेअर्स साबणानं तिचं प्रशस्तिपत्र जाहिरातीत छापलं : मी तुमचाच साबण वापरते, दुसरा नाही. यावर १८८४ मध्ये 'पंच' या विलायती विनोदी साप्ताहिकात हॅरी फर्निसनं एक व्यंगचित्र काढलं. एक महाअस्वच्छ भिकारी, दाढीचं जंगल, फाटकी टोपी, टेबलाशी बसून पत्र लिहितोय : दोन वर्षांपूर्वी मी तुमचा साबण वापरला. तेव्हापासून दुसरा कुठलाही वापरलेला नाही!

आता दुसरा एखादा व्यापारी असता तर वकिलाकडे धावला असता. पेअर्सचा टॉमस बॅरट यानं ते चित्र वापरायचे हक्क घेतले आणि त्याचीच जाहिरात केली. ज्या चित्रानं साबणाची टर उडवली त्याच चित्रानं साबण विकला. लोक भिकाऱ्याला हसले आणि नाव लक्षात ठेवून घरी गेले.

याच बॅरटनं मिले या नामांकित चित्रकाराचं 'बबल्स' हे चित्र घेतलं. फुगे सोडणारा सोनेरी केसांचा मुलगा, खाली साबणाची वडी. चित्रकलेची विटंबना म्हणून बराच गहजब झाला. आणि नाताळचं म्हणाल तर १८९१ पासून विसाच्या दशकापर्यंत पेअर्सचा स्वतःचा नाताळ वार्षिकांक निघत होता. गोष्टी, चित्रं, जोडीला भिंतीवर लावायला मोठी रंगीत चित्रं, आणि जाहिरातींची पानंच्या पानं. साबणवाल्यानं काढलेला नाताळ अंक! एका साबणाच्या वडीनं किती मध्यमवर्गीय दिवाणखान्यांच्या भिंती भरल्या असतील.

—

ढब्बू पैसा

टेम्सकाठची, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून बोलतो, कारण तिथूनच आपली वाट निघते.

काशिनाथ रघुनाथ मित्र (मूळचे आजगावकर) यांचं 'मनोरंजन' १८९५ पासून चालू होतं. १९०९ मध्ये त्यांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. डोळ्यांसमोर होते ते इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक. म्हणजे आपण ज्याला खास मराठी मातीतली परंपरा म्हणतो, ती नाताळच्या अंकाला पंचा नेसवून उभी राहिली आहे. यात कमीपणा काही नाही, उलट मला त्याचं कौतुक वाटतं. इंग्रजांकडे नाताळ अंकांची ती मातब्बरी उरली नाही, आपण शे-दीडशे वर्षं चालवायच्या बेतात आहोत. आणि हो, कान्ससकरांच्या क्यूपी आल्या तेही १९०९ सालीच.

दिवाळी अंकाचं गणित तेव्हापासून आजपर्यंत जाहिरातींवरच आहे हे ज्यानं कुणी अंकासाठी दारोदार हिंडून पाहिलंय त्याला सांगायला नको. 'पान अर्धं घेता की पाव' हा प्रश्न कवितेच्या आधी येतो.

दुसरं उदाहरण तर पेअर्सच्याही वरताण आहे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक. संपादक शंकरराव किर्लोस्कर, ते स्वतः चित्रकार. पुढे 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं आणि ते महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांचं मासिक झालं. नांगराच्या जाहिरातीतून सुरू होऊन सामाजिक सुधारणेच्या वादांपर्यंत पोचलेलं दुसरं मासिक मला तरी माहीत नाही.

आणि लँग्ट्रीबाईंसारखी प्रशस्तिपत्रं इकडेही होती. गोदरेजनं वनस्पती तेलाचा, चरबी नसलेला साबण काढला तेव्हा त्याच्या जाहिरातीत खुद्द रवींद्रनाथ टागोर होते. गोदरेजहून सरस परदेशी साबण मला ठाऊक नाही, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य त्यात आहे. तिकडे नटी, इकडे नोबेलवाला कवी.

विनोदी साप्ताहिकांत मुंबईचा 'हिंदी पंच' विसरू नका. बरजोरजी नवरोजींचा, गुजराती आणि इंग्रजीत. त्यातला 'पंचोबा' म्हणजे विलायती 'पंच'लाच देशी अवतार दिलेला. काँग्रेसपासून व्हाइसरॉयपर्यंत कुणाला सोडलं नाही.

—

सातारी कंदी

पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) म्हणणार होते पण हा लेख नाही, धागा आहे :)

आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत वुडवर्ड्स ग्राइपवॉटरच्या कॅलेंडरचं एक चित्र होतं, बाळकृष्णाचं. पणजीनं तारखांचे कागद फाडून चित्राला चौकट करून घेतली होती. खाली बाळासाठी उत्तम असं काहीतरी छापलेलं, त्याच्यावर हळदीकुंकवाचे डाग. पोटदुखीच्या औषधाची पूजा झालेली मी डोळ्यांनी पाहिलीय.

संक्रांतीला आजी पाकिटात काटेरी हलव्याचे चार दाणे घालून नातेवाइकांना पाठवायची, सोबत छापील छोटं कार्ड, 'तिळगूळ घ्या गोड बोला'. टपालात शिक्का मारताना दाण्यांचा भुगा व्हायचा. तरी दरवर्षी पाठवायचीच.

—

पेठेतला पोपट

दाणे पाठवून 'गोड बोला' आणि पोचल्यावर भुगा. आमच्या घरचे संबंधही साधारण असेच आहेत.

—

रिकामटेकडी

कान्ससकर, एक विचारते. 'कॉमिक'च्या खोक्यात नक्की कोणावर विनोद आहेत? कारण मला संशय आहे की निम्मे बायकांवर असणार.

—

कान्ससकर

@रिकामटेकडी, निम्म्याहून जास्तच म्हणा.

१९०८ आणि १९१२ ही लीप वर्षं. लीप वर्षात बाईनं पुरुषाला मागणी घातली तरी चालते अशी जुनी समजूत, त्यामुळे त्या वर्षांत कार्डांचा पाऊस : जाळी घेऊन पुरुषांच्या मागे धावणाऱ्या बायका, झाडावर चढून बसलेला ब्रह्मचारी, पिंजऱ्यात पकडलेला नवरदेव. यातला विनोद भाबडा तरी आहे.

मताधिकाराच्या कार्डांत भाबडेपणा नाही. १९०९ मध्ये (पुन्हा तेच साल) न्यू यॉर्कच्या डन्स्टन-वायलर कंपनीनं बारा कार्डांचा संच काढला. बायकांना मत दिलं तर काय होईल? एका कार्डावर बाप बाळाला बाटलीनं दूध पाजतोय आणि त्याच्या डोक्यामागे येशूच्या आईसारखं प्रभामंडळ. दुसऱ्यावर अंकल सॅमच बाई झालाय. छपाई अतिशय सुरेख, रंग डोळ्यांत भरणारे. पुरुषानं मूल सांभाळणं हाच ज्या काळी विनोद होता, तो काळ त्या बारा कार्डांत जसा सापडतो तसा जाड ग्रंथांत सापडत नाही.

याला उत्तर कोणी दिलं? आपल्या रोझ ओ'नीलनं. मताधिकाराच्या चळवळीसाठी तिनं क्यूपी बाळांनाच मोर्चात उतरवलं : आमच्या आयांना मत द्या! जेली विकणारीच बाळं, तोच गोंडसपणा. पण या वेळी निशाण्यावर बाई नाही. तिचं घर इथून दक्षिणेला, मिसुरीच्या ओझार्क डोंगरांत ब्रॅन्सनजवळ. मूळ घर जळालं, पण त्या जागी पुन्हा उभारलेलं घर बघता येतं.

—

पेठेतला पोपट

तेव्हा लोक हसून सोडून देत. आता सगळ्यांच्या भावना दुखावतात. टर्कीचीही संघटना निघेल लवकरच.

—

उत्तरध्रुव

पोपटराव, 'लोक हसून सोडून देत' हे कोणी सांगितलं? ज्याच्यावर हसले त्यानं सांगितलं का?

त्या 'कॉमिक' खोक्यात आणखी एक जात असते, कान्ससकरांनी अजून काढलेली नाही. काळ्या माणसांवरची कार्डं. कलिंगड, कोंबडीचोरी, मगरीच्या जबड्यासमोर बसवलेलं लहान मूल, आणि खाली सणाच्या शुभेच्छा. ती छापणारे कोपऱ्यातले विकृत लोक नव्हते. नामांकित कंपन्या होत्या, त्याच सुंदर जर्मन छपाईत. आयरिश, चिनी, ज्यू, कुणी सुटलेलं नाही. टेम्सकाठचींच्या पेअर्सनंही १८९९ च्या एका जाहिरातीत अ‍ॅडमिरल ड्यूईला हात धुताना दाखवून, साबण म्हणजे काळ्या जगाला उजळवण्याचं गोऱ्यांचं कर्तव्य अशी भाषा वापरली होती. मनिलाच्या खाडीत स्पॅनिश आरमाराला हरवणारा हाच ड्यूई. म्हणजे फिलिपिन्सवरचा ताबा आणि साबण एकाच जाहिरातीत.

मिशिगनमध्ये बिग रॅपिड्सला फेरिस स्टेट विद्यापीठात जिम क्रो (काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या जुन्या कायद्यांना पडलेलं नाव) संग्रहालय आहे. असल्याच वस्तू तिथे मुद्दाम जमवून ठेवल्यात : कार्डं, जाहिराती, डबे, खेळणी. मी ते पाहिलंय. पहिल्या पाच मिनिटांत माणूस हसायचं विसरतो, आणि नंतर त्रास होतो तो यानं की चित्रं कसबी हातांनी काढलेली आहेत. वाईट चित्र असतं तर बरं झालं असतं.

—

पेठेतला पोपट

मगरीचं माहीत नव्हतं. ते विनोद म्हणून छापत?

—

उत्तरध्रुव

विनोद म्हणूनच. आणि फ्लोरिडाची आठवण म्हणून पर्यटक विकत घेत.

—

कान्ससकर

उत्तरध्रुव, बरं केलंत लिहिलंत. इथल्या काही दुकानांत ती कार्डं वेगळ्या खोक्यात मागे ठेवलेली असतात, मागितली तर देतात. मी घेत नाही, पण छापलीच नव्हती असं दाखवून जमवणाऱ्यांचाही राग येतो. कार्डांच्या पुस्तकांत फक्त चेटकिणी आणि ससे असतात, जणू बाकी काही छापलंच गेलं नाही.

—

डॅन्यूबकर

उशिरा आलो. इकडे ऑस्ट्रियात ५ डिसेंबरच्या रात्री क्राम्पुस येतो, शिंगं, लालभडक लांब जीभ, हातात साखळ्या आणि काटक्यांचा जुडगा. चांगल्या मुलांना संत निकोलाउस खाऊ देतो, वाईटांना हा टोपलीत घालून नेतो. शंभर वर्षांपूर्वी 'क्राम्पुसकडून सलाम' अशी कार्डं लाल पार्श्वभूमीवर ढिगानं निघत. मोठ्यांसाठीची वेगळी : त्यांत क्राम्पुस झकपक पुरुषांना आणि बायकांना टोपलीत भरून चाललेला, थोडा चावटपणा. सणाला घाबरवणारी शुभेच्छा पाठवायची ही रीत अमेरिकेत रुजली नाही, तिथे सगळं गोड करून घेतलं.

बाय द वे, जगातलं पहिलं पोस्टकार्डही इथलंच, १ ऑक्टोबर १८६९. त्यावर चित्र नव्हतं.

—

ढब्बू पैसा

आणि आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्यात. त्यावर विनोद कुणी छापला नाही, पण पत्नीला लिहिलेलं कार्ड पोस्टमन, शेजारी आणि सासू अशा तिघांनी आधी वाचलेलं असायचं, तेवढी करमणूक पुरे.

—

रिकामटेकडी

चार जुलैच्या कार्डांवर काय असतं? तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये नुसतं नाव घेऊन सोडून दिलंत.

—

कान्ससकर

पोरं आणि त्यांच्याहून मोठे फटाके. अक्षरशः. पोरगा लाल फटाक्यावर घोड्यासारखा बसलाय आणि वात पेटलीय, पोरगी कानात बोटं घालून उभी. गंमत अशी की त्याच वर्षांत फटाक्यांनी दरवर्षी माणसं मरत, मुलांचे हात जात, आणि 'सुरक्षित आणि शहाणा चार जुलै' अशी मोहीम जोरात होती. वर्तमानपत्रात जखमींची यादी आणि टपालात हसरा पोरगा फटाक्यावर. आपल्या दिवाळीच्या फटाक्यांच्या वेष्टनांवरची चित्रं आठवून बघा.

अजून एक प्रकार राहिला, तो खास आमच्या भागातला. कॅन्ससमध्ये ऑटावा नावाचं गाव आहे, इथून तासाभराच्या अंतरावर. तिथला फोटोग्राफर विल्यम मार्टिन १९०८ च्या सुमारास फोटो कापून, जोडून, पुन्हा फोटो काढून कार्डं करायचा : घोडागाडीत मावत नाही एवढं एकच कणीस, करवतीनं कापावा लागणारा कांदा, शिकाऱ्यावर चाल करून येणारा घोड्याएवढा ससा. खाली गंभीर चेहऱ्यानं लिहिलेलं, 'आमच्याकडे असं पिकतं'. कॅन्ससची जमीन किती दिलदार याची जाहिरात आणि तिचीच टिंगल. दुष्काळ आणि टोळधाडी सोसलेल्या शेतकऱ्यांनी ही कार्डं पूर्वेकडच्या नातेवाइकांना पाठवली. स्वतःवर हसणारा विनोद मला या सगळ्या खोक्यांत फक्त इथे सापडला.

—

निळी शाई

पहिलाच प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या. दोन प्रश्न. हे सगळं बंद कसं झालं? आणि ऑनलाइन हॅलोविनचं जुनं कार्ड घ्यायचं असेल तर नक्कल कशी ओळखायची?

—

कान्ससकर

@निळी शाई, स्वागत.

बंद होण्यामागे एकच कारण नाही. १९०९ च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्या कार्डांवर जकात वाढली. ती लागू होण्याआधी व्यापाऱ्यांनी इतका माल भरून ठेवला की दर कोसळले. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि जर्मन छपाई थांबली. इथल्या छापखान्यांना ती सफाई जमेना. आणि लोकांनाही उघडं कार्ड पाठवण्यापेक्षा पाकिटातलं घडीचं कार्ड बरं वाटू लागलं. आमच्याच गावची कथा आहे : जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा पोरगा १९१० च्या जानेवारीत नेब्रास्काहून कॅन्सस सिटीत उतरला तो पोस्टकार्डांनी भरलेली दोन बुटांची खोकी घेऊन. १९१५ मध्ये आगीत सगळा साठा जळाला. मग त्यानं कार्डं विकायच्या ऐवजी स्वतः छापायला घेतली. त्याची कंपनी म्हणजे आजची हॉलमार्क.

नकलेचं म्हणाल तर शाईच्या डागांनी वर दिलेली भिंगाची खूण पहिली. ठिपके रांगेत असतील आणि विक्रेता दगडी छपाई म्हणत असेल तर सोडून द्या. दुसरी, उठाव : जुन्या कार्डात मागच्या बाजूला तोच आकार खोलगट लागतो, तेव्हा मागचाही फोटो मागा. तिसरी, हातात आल्यावर अतिनील दिव्याखाली धरा. अलीकडचा कागद निळसर पांढरा चमकतो, जुना मरगळलेलाच राहतो. त्या काळच्या कार्डचित्रकार क्लॅपसॅडलबाईंची हात हलणारी चार हॅलोविन कार्डं कुणी स्वस्तात देऊ केली तर आधी संशय घ्या, ती स्वस्त नसतात. आणि घेतल्यावर पीव्हीसीच्या अल्बममध्ये ठेवू नका, रंग चिकटून येतात.

—

शाईचा डाग

आणि लॅमिनेट करू नका! माझ्या मेव्हण्यानं धुरंधरांचं एक कार्ड 'टिकावं म्हणून' लॅमिनेट करून आणलं होतं. त्याच्याशी अजून बोलणं बंद आहे.

—

सातारी कंदी

त्याला संक्रांतीला हलव्याचे दाणे पाठवा. पाकिटातून.